गप म्हणजे नाय

पुतण्याचं लग्न खोडदच्या पलीकडच्या एका वाडीत ठरलं, तेव्हा घरात जाहीर करून टाकलं, सुमो मी चालवणार. हडपसरला झाडाखाली पंक्चर काढत सुरुवात केली, आता टायरचं दुकान आहे, पण दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत मला अजून स्वस्थ बसवत नाही. ही गोष्ट दोन हजार सातच्या हिवाळ्यातली. भाऊ वारल्यापासून सलीमचा बाप मीच. मागं नवरदेव सलीम, शेजारी माझी बायको नसीम, मांडीवर खजुराचं खोकं.

जाणाऱ्यांनी पहाटेच निघावं, नाहीतर खेडच्या घाटात ट्रकांच्या मागं दिवस उगवतो. मंचरला चहा बरा मिळतो. नारायणगावात मिसळ खाल्ली. पैसे बेताचे, तिखट बेसुमार. तिथंच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाडीच्या मशिदीची वाट विचारली.

"लग्नाला का, पावणं?" त्यानं विचारलं. "मग नवरी बोलती ना?"

"म्हणजे?"

"न्हाई, त्या मशिदीत मुकी नवरी चालत न्हाई. त्यांच्यात गप म्हणजे नाय!"

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसलो. कान माझे तिखट. टायरला कान लावून हवा कुठून जाते ते सांगतो. पण हे मी टिंगलीत काढलं.

खोडदच्या वाटेला कांद्याच्या वाफ्यांमध्ये रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रसिद्ध थाळ्या उभ्या दिसतात, पांढऱ्या जाळीच्या, घराएवढ्या. बघायला तरी जाच.

"ह्या काय करतात?" नसीमनं विचारलं.

"आभाळाचं ऐकतात, काकी," सलीम म्हणाला.

"बरंय. कुणीतरी ऐकतंय."

मशीद छोटी, चुन्यानं रंगवलेली. पहिला धक्का दारातच. पुरुषांच्या चपलांच्या ढिगात बायकांच्या सँडल! मला वाटलं, कुणाचा तरी घोटाळा झालाय. दाराशी एक ठेंगणी म्हातारी उभी होती, जमातीच्या कमिटीतल्या हमीदाखाला.

"जनान्याचं दार कुठल्या बाजूला?" मी विचारलं.

"दार येकच हाय. वाकून या, न्हाईतर डोकं आपटंल."

एकच दार! मी तिच्याकडं बघत राहिलो आणि डोकं आपटलंच.

आत डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका, मध्ये पडदा नाही. अत्तार, मुलाणी, तांबोळी एकाच सतरंजीवर. आमच्याकडं अजून सोयरीक जुळायच्या आधी बिरादरी विचारतात. मागच्या ओळीत गावचे पाटील आणि बौद्धवस्तीतली मंडळी. नवरी आतल्या खोलीत नाही, समोर बसलेली. रेहाना तिचं नाव, नारायणगावच्या एका दवाखान्यात नर्स. मौलवीसाहेब तरुण होते. अरबी पढून झालं आणि ते चक्क मराठीत बोलायला लागले, की निकाह हा करार आहे आणि करार दोघांना कळला पाहिजे. मी नसीमकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती.

मग त्यांनी विचारलं, "रेहाना, सलीमशी निकाह कबूल आहे?"

रेहानानं मान खाली घातली. मी लगेच उठलो, खोकं उघडलं आणि दणदणीत आवाजात म्हणालो, "मुबारक हो!"

कुणी हललं नाही. माझ्या हातातला खजूर हातातच राहिला.

"बसा, पावणं," खाला म्हणाल्या. "पोरगी आजून बोलली न्हाई."

"अहो, लाजतेय ती. गप म्हणजे हो."

"आमच्यात गप म्हणजे नाय."

मौलवींनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. भावाच्या एकुलत्या एका पोराला मी नवरीशिवाय परत नेणार का? मी जरा तावातच म्हणालो, "ही कुठली नवी रीत?"

खालांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. "माझ्या भाचीच्या निकाहात ती आशीच गप व्हती. ह्या हातानं मी मागनं तिची मान दाबली. भाईर लोक म्हनाले, मान हलवली, मुबारक. पुढं नवऱ्यानं येका दमात तीनदा तलाक म्हनून तिला दारात आनून सोडली. तवा ती मला म्हनली, खाला, मी तर हो म्हनलेच नव्हते. तवापासनं ह्या मशिदीत मान चालत न्हाई. तोंड लागतं."

मी बसलो.

मौलवींनी तिसऱ्यांदा विचारलं. रेहानानं मान वर केली. "आधी त्यांना विचारा, माझ्या नर्सच्या कामाचं काय? साखरपुड्यात काका म्हणाले, आमच्या घरातल्या बायका कामाला जात नाहीत. हे शेजारीच होते. गप बसले."

काका म्हणजे मी. सगळ्या माना सलीमकडं वळल्या. तो जमिनीकडं बघत होता.

"ह्याचं बी गपच," खाला म्हणाल्या. "मग नाय धरू का, नवरदेव?"

सलीम उभा राहिला. "काका, तुमच्यापुढं बोलायची मला सवय नाही. पण तिनं काम सोडावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. ती काम करेल. पुण्यातही करेल."

मौलवींनी तेवढी अट निकाहनाम्यात घातली. मग रेहाना तीनदा "कबूल" म्हणाली, इतक्या खणखणीत की मागून पाटील ओरडले, "आरं, खोडदच्या थाळ्यांनी बी ऐकलं आसंल!" हशा पिकला. मग मी खजूर वाटायला घेतला.

निघताना खालांना म्हटलं, मी ह्यावर लिहिणार. "लिवा की. पन वाडीचं नाव नगं. लोकं बघाय येत्याल, आमी काय सर्कस हाय?" म्हणून नाव लिहिलेलं नाही.

परतताना नारायणगावात मासवडी खाल्ली. नावात मास, ताटात बेसन, चव एक नंबर. मागं नवं जोडपं अखंड बोलत होतं. नसीम पुण्यापर्यंत गप्प. दमली असेल असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना सहज विचारलं, "आपल्या निकाहात तू मोठ्यानं म्हणाली होतीस का गं?"

"मी कुठं काय म्हणाले? मावशीनं मान दाबली. बाहेर तुमचं मुबारक सुरूही झालं होतं."

मी हसलो. ती हसली नाही. दुकानात गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो, मोठं पंक्चर फुसफुसतं, बारीक पंक्चर आवाज करत नाही, त्याला ट्यूब पाण्यात बुडवून थांबावं लागतं. दोन पोरं झाली, घर झालं, आणि हे मला माहीत नव्हतं.

"बरं, मग आता विचारतो," मी म्हणालो. "कबूल?"

नसीमनं माझ्याकडं पाहिलं, कप उचलले आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

ह्या खेपेला मी मुबारक म्हणालो नाही. बसून राहिलो.