थंड अंगावरचा रंग

गोऱ्या लोकांना उन्हात न जाता सावळं दिसायची हौस असते म्हणे. त्यासाठी लोशन मिळतं, हे कळलं तेव्हा मला हसूच आलं. पण पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी तेच लोशन माझ्या मोठ्या जाऊबाईंना दिलं, कारण त्यांना कोड होतं. मानेवर, कानांमागं, दोन्ही हातांवर पांढरे चट्टे. लोशन लावलं की काही तासांनी चट्ट्यावर बाकीच्या कातडीसारखा रंग चढायचा. पाण्यानं जायचा नाही, पण आठवड्याभरात फिका पडायचा. की पुन्हा लावा.

लावायचं काम माझं. निघोज्यातल्या आमच्या घरात त्या खाली, आम्ही वर. आधी ओल्या पंच्यानं कातडी घासून घ्यायची. कोपराला, मनगटाला अगदी पुसटसा हात, नाहीतर तिथं काळंकुट्ट होतं. चट्ट्याच्या कडेला कोरडं बोट ओढायचं, म्हणजे जोड दिसत नाही. आणि शेवटी लगेच स्वतःचे तळहात साबणानं घासायचे, नाहीतर तेही रंगतात. लोशनला करपलेल्या पावासारखा वास यायचा. मी चिडायचे, "ताई, कोड म्हणजे काय साथीचा रोग आहे? राहू द्या की उघडं!"

"तुला काय जातंय बोलाया," त्या म्हणायच्या. "पोरीचं लगीन होऊ दे, मग हिंडते उघडी."

पोरीचं, म्हणजे माझ्या पुतणीचं, लग्न चिंचवडच्या एका घरात ठरलं. त्यानंतर एकदा लोशन लावून घेता घेता त्या म्हणाल्या, "मी मधीच गेले, तर आंघूळ घालताना समद्या बाया बघत्याल. इहीणबाईबी. तवा लावशील न्हवं?"

"काहीतरी अभद्र बोलू नका हो!" मी ओरडले. पण मी हो म्हणेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

आणि बाई गेलीच. पहाटे, झोपेत. लावायचा दिवस आलेला, चट्टे पुन्हा पांढरे दिसू लागलेले. दिरांनी मला खाली बोलावलं. "कुणाला कळवलं न्हाई अजून. आधी तुझं काम उरक," म्हणाले आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

रस्त्यावर कंपनीची बस रोजच्यासारखी हॉर्न देत होती. मी ताईंचा हात मांडीवर घेतला. थंड अंगावर रंग चढतो का, हे विचारायचं तरी कुणाला? हा रंग कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरालाच धरतो, असं डॉक्टरीणबाई एकदा बोलल्या होत्या. ते आठवलं आणि मी बाटली उघडली. मानेला बोट लागलं की ताई खांदे आखडून "गुदगुल्या व्हत्यात गं" म्हणायच्या. त्या दिवशी मान तशीच राहिली. मला रडू फुटलं.

तेवढ्यात दार वाजलं. मी बाटली उशीखाली सारली आणि उठले. बायका गळ्यात पडल्या, त्यांच्यामागून पुतणी आत शिरली. घरात मयत असताना साबण लावून हात धूत बसले असते, तर लोकांनी काय म्हटलं असतं? नाहीच धुतले.

ताईंचा मुलगा हैदराबादहून यायचा होता, म्हणून सगळे थांबले. पुतणी आईच्या उशाशी बसून होती. मी हाताकडे बघत राहिले. दुपारी मनगटावरचा चट्टा बदामी झाला, मग आणखी गडद. बाईत जीव नाही आणि रंग चढतोय! आता हात उचलून "झालं का गं?" विचारतील, असं सारखं वाटत होतं. मला त्यांची भीती वाटली, खरंच वाटली.

मुलगा आला. अंगणात साड्यांचा आडोसा केला. पाणी घालायला विहीणबाई पुढे झाल्या, आणि मला आठवलं, उजव्या कानामागचं राहिलं! दार वाजलं, तेव्हा तेवढंच बाकी होतं. विहीणबाईंनी डोकं कलतं केलं, केस बाजूला सारले. 

कानामागं पांढरं काहीच नव्हतं. सावळा, एकसारखा रंग.

"झोपल्यासारख्याच दिसतात हो," विहीणबाई म्हणाल्या.

त्यानंतर मला खाली एकटीनं जाववेना. जिन्यात तो करपलेला वास यायचा. माझे तळहात तपकिरी झाले होते, ते मी पदरात लपवत फिरायचे.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले, तेव्हा पुतणी वर आली. तिनं ओढणीतून हात काढून माझ्यापुढं उघडले. तिचेही तळहात अजून पुसट तपकिरी.

"कानामागचं राहिलं होतं, काकू. दाराशी बायका तुझ्या गळ्यात पडल्या, तेव्हा उशीखालची बाटली काढून मी लावलं."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? लहानपणापासून वास येतो."

मग माझ्याकडं पाठ करून ती बसली आणि वेणी वर उचलून धरली. "आता माझं बघ. मला आरशात नीट दिसत नाही."

केसांच्या कडेला मसुरीएवढा ठिपका होता. पांढरा.

"आहे?"

"आहे."

 मग तिनं बाटली मागं माझ्या हातात दिली.

राहू दे की उघडं, असं तिच्या आईला मी किती वेळा सुनावलं होतं. आताही ते अगदी तोंडावर आलं. मी उठले आणि पंचा भिजवून आणला.