पडद्यापलीकडची रंजना

शेजाऱ्यावर प्रेम करावं, हे मी संडे स्कूलच्या मुलांना कित्येक वर्षं शिकवलं. मला स्वतःला ते जमत नव्हतं, हे आज कबूल करते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकला आमच्या शेजारच्या खोल्यांत रंजना राहायला आली. मखमलाबादकडचं माळ्याचं कुटुंब. नवरा मळ्यातला झेंडू बाजारात न्यायचा. इमारतीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. त्या दिवसांत कुठे कुठे प्रार्थनेच्या जागांवर दगड पडल्याचं कानावर यायचं, आणि ही बाई येता-जाता आमच्या खिडकीत डोकावायची. "बाई, चर्चमधून किती वाजता येता? काका एकटेच असतात का घरी?" ही कोणाला सांगत असेल हे सगळं? मी जाड पडदा लावला. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "पडदा कशाला लावला, बाई? आतलं काय दिसंना." प्रार्थनेतसुद्धा मी तिच्यापासून राखण मागू लागले.

माझे पती मधुमेहाचं इंजेक्शन घ्यायचे. गुडघ्यांमुळे त्यांना उपासनेला येणं होत नसे. एका रविवारी मी परतले, तर दार सताड उघडं, आतली कडी उखडलेली, पलंग रिकामा. सांगायला लाज वाटते, पण मी आधी कपाट उघडलं. बांगड्या जागच्या जागी होत्या. तरी मनात आलं, रंजनाच! मग हिने नेलं तरी काय? तेवढ्यात खालच्या मावशी ओरडल्या, "अहो बाई, काकांना दवाखान्यात नेलंय! रंजनाच्या नवऱ्यानं दार तोडलं, म्हणून वाचले."

दवाखान्यात ती यांच्या पायाशी बसली होती. साखर फार उतरली होती, पण वेळेत आणलं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाही मी विचारलं ते पोलिसासारखंच, "तुला कसं कळलं?"

"मागल्या महिन्यात काकांना ओट्यापाशी झोकांडी गेली, ती खिडकीतून पाह्यली," ती म्हणाली. "काका म्हनले, बाईला सांगू नको, ती चर्चला जायचं सोडंल. मंग मीच नजर ठेवायची. आज पडद्यामुळं दिसंना, हाका मारल्या तर ओ नाय. माझी आई अशीच गेली, बाई. आम्ही समदे मळ्यात व्हतो."

मला तिच्याकडे बघवेना.

हे घरी आल्यावर मी तिला बोलावून कपाटाचं सगळं सांगितलं. ती आता उठून जाईल असं वाटलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "मीबी तुमच्याकडं कधी पाणी प्याले नाय. सासूबाई म्हनायच्या, बाटवतील." आणि स्वयंपाकघरात फतकल मारून बसली. "चहा टाका, बाई."

मी दोन कप चहा ओतला. प्रभूकडे राखण मागायची मी, आणि ती कोणाकडून यावी, हेही मीच ठरवून बसले होते. त्याने माझं मागणं ऐकलं, माझी निवड तेवढी ऐकली नाही. हे पुढे सहा वर्षं जगले, त्या प्रत्येक दिवसासाठी मी त्याचे उपकार मानते. कृपा कोणाच्या हातून यावी, हे ठरवायचं काम मी आता त्याच्यावरच सोडून दिलं आहे.