आबांना न समजलेल्या गोष्टी

डी.एड. झालं तेव्हा सगळे म्हणायचे, आता नोकरी ठेवलेलीच. भरती काही निघाली नाही, आणि निघाली तेव्हा माझं नाव निघालं नाही. लग्न होऊन मी वरवंडहून निमोण्याला आले आणि घराच्या ओट्यावर सतरंजी टाकून पहिली ते चौथीच्या पोरांची शिकवणी सुरू केली. वाचन आणि गणित, एवढंच. सासूबाई म्हणाल्या, निदान ओटा रोज झाडला तरी जाईल.

शिकवणीत माझा एक नियम होता, अजूनही आहे. पोरं लबाड असतात. धडा पाठ करतात आणि ओळींवर बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवतात. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. म्हणून वाचनाची परीक्षा मी घेतच नाही. माझ्या पेटीतलं आधी न वाचलेलं गोष्टीचं पुस्तक मुलाला द्यायचं, त्यानं ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याला गोष्ट समजली तर मूल पास. मग त्याचं वाचन सुटलं, पुढं फक्त गणिताला यायचं. निकाल घरच्या म्हाताऱ्या माणसाचा, त्यावर माझ्याकडे दाद मागायची नाही.

या नियमाला पुरून उरले ते एक आबा.

त्यांची नात तिसरीला होती. तिचा बाप शिक्रापूरला कंपनीत, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. इथं आई, ती आणि आबा. आबांची हयात मेंढरांमागं गेलेली; आता थोडी शेती आणि दारात चार मेंढरं. अक्षराशी त्यांची कधी गाठ पडली नव्हती. पोरगी चुणचुणीत, पण गणितात अगदी आबांची नात. कळपात चाळीस मेंढ्या होत्या, पंधरा विकल्या, उरल्या किती, असं गणित मी घरी करायला दिलं, तर दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. म्हणाली, "आबा म्हनले, आधी बाईंना इचार, इकायची काय नड पडली व्हती."

वाचनाला तिला वेळ लागला. जोडाक्षर आलं की ओढ्यापाशी बैल अडावा तशी अडायची. मग हळूहळू अडणं गेलं. मी खुशीत तिला कोल्हा-लांडग्याच्या गोष्टीचं पुस्तक देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "आबांना न्हाई समजलं." दुसरं पुस्तक दिलं. तेही न्हाई समजलं. तिसऱ्याची तीच गत. मी तिला समोर बसवून वाचायला लावलं, तर पोरगी कोल्ह्याचा आवाज वेगळा आणि लांडग्याचा वेगळा काढून वाचत होती. मला राग आला. सरळ तिच्या घरी गेले. आबा मेंढरांना पाला टाकत होते.

"आबा, पोरगी इतकं छान वाचते, तुम्हाला समजत कसं नाही?"

"वाचती ब्येस," आबा म्हणाले. "पर माझ्या टकुऱ्यात न्हाई शिरत. कोल्हा कंचा आन् लांडगा कंचा, समदं येक व्हतं."

ज्या माणसानं जन्मभर लांडग्यापासून मेंढरं राखली, त्याला लांडगा ओळखू येईना. पण नियम माझाच होता.

पुढं एकदा सकाळी डेअरीवर दूध घालायला गेले, तर तिथं आबा चार माणसं गोळा करून तीच गोष्ट सांगत होते. कोल्हा, लांडगा, त्यांच्यातलं भांडण, सगळं जिथल्या तिथं. एक वाक्य इकडचं तिकडं झालेलं नव्हतं. मला पाहिलं आणि थांबले. मग एकदम उसाला तोड कधी येणार, यावर बोलायला लागले.

मी कुणाला काही बोलले नाही. पोरीलाही ठाऊक असावं, कारण "न्हाई समजलं" सांगताना ती ओठ दाबून हसायची. शिरूरला बाजाराला गेले की मी तिच्यासाठी नवं पुस्तक घेऊन यायचे. ती सुटावी असं मलाही वाटत नव्हतं. दिवेलागणीला विहिरीवरची मोटार बंद करायला मी त्यांच्या घरावरून जायचे, तेव्हा तिचा आवाज बाहेर यायचा आणि मधे मधे आबांचं हूं, हूं. पाय तिथंच रेंगाळायचे. मला वरवंड आठवायचं. आमचं घर हायवेला लागून. वडील मला दारात उभं करायचे आणि जाणाऱ्या ट्रकवर काय लिहिलंय ते वाचायला लावायचे, ट्रक पुढं निघून जायच्या आत. वडील गेल्यापासून मला कुणी वाच म्हणालं नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा बाप कंपनीत परमनंट झाला. आता मायलेकींना शिक्रापूरला नेणार, चौथी तिथंच. आबांनाही चला म्हणाला. "मेंढरं कुठं बांधू, कॉटखाली?" म्हणून आबा मागंच राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी ती पुस्तक परत द्यायला आली. मी म्हटलं, आज आबांना हेच वाचून दाखव, मीही येते ऐकायला. आम्ही दारात बसलो. तिनं पुस्तक उघडलं आणि दुसऱ्या ओळीलाच ती आबांकडे बघायला लागली. एक शब्द वाचायची आणि परत आबांकडे बघायची. साध्या साध्या शब्दांना अडत होती. पान उलटायचं विसरली, तीच ओळ परत वाचली. गोष्ट कशाची होती ते मलाही कळलं नाही. शेवटी पुस्तक तसंच मांडीवर पडलं.

"समजली," आबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"समदी समजली मला. बाई, हिला पास करा."

आता मोटार बंद करायला जाते तेव्हा त्या घरातून आवाज येत नाही. संध्याकाळी आबाच माझ्या ओट्यावर येऊन बसतात. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस नाही ती पोरं त्यांना वाचून दाखवतात. एक ओळ होते न होते तोच आबा म्हणतात, समजलं, पास. पोरं टणाटण उड्या मारत सुटतात. परवा मी चिडलेच.

"आबा, त्याला अजून धड वाचता येत नाही. गोष्ट पुरी ऐका तरी. नापास करा की कधी कुणाला."

"कशापायी करू?" आबा म्हणाले. "ही तर उद्याबी हितंच हायती."

मग त्यांनी विचारलं, "बाई, ते लांडग्याचं पुस्तक हाय का अजून तुमच्याकडं?"

मी पेटीतून काढून दिलं. त्यांनी ते उघडलं नाही. पोरं घरोघर गेली तरी ते मांडीवर घेऊन बसून राहिले.