घाबरतंय म्हणजे भीती नव्हे

रविवारी दुपारी मी आणि माझ्या बायकोनं चादर पिळली. सोलापुरी चादरीत पाणी भरलं की ती एकट्या माणसाच्यानं उचलत नाही. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. समोरासमोर उभं राहून दोघांनी आपापल्या उजवीकडं पीळ द्यायचा असतो. मी दर वेळी डावीकडं द्यायचो आणि चादर नुसती गोल फिरायची. त्या दिवशीही फिरली. ती म्हणाली, "चाळीस वर्षं टॉवेल विणले, पन पिळायचं अजून कळंना." मग मी उजवीकडं पीळ दिला, पाणी निथळलं, चादर दोरीवर टाकली. ती जरा पडते म्हणून आत गेली. चार वाजता मी चहा केला, हाक मारली, तर उठली नाही. झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. अंधार पडायच्या आत सगळं उरकलं.

तिच्यापाशी चांगलं बोलायला मला कधी जमलं नाही, आता लिहून बघतो. सातवी नापास माणूस आहे, चुका असतील. पण तिनं जे केलं ते कुणीतरी लिहायला पाहिजे.

ती शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती. कॉलर लावायचं काम. वय झालं होतं, पण तिच्यासारखी कॉलर दुसऱ्या कुणाची बसायची नाही म्हणून मालकानं सोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं कामगारांसाठी फोनवरच्या डॉक्टरची सोय केली. काही दुखलंखुपलं तर फोन लावायचा, समोर माणूस दिसायचा. शिवाय दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आरोग्याचा तास. दोऱ्याच्या रिळांच्या खोक्यावर फोन उभा करायचा, बायका डबे उघडून भोवती बसायच्या आणि डॉक्टरीण पुण्यातून शिकवायची. मीठ किती, तेल किती, पाठ कशी सरळ ठेवायची, मशीनवर बसून पाय सुजले तर काय करायचं.

मी म्हणालो, "फोनला नाडी लागती व्हय?"

"तुमाला तरी कुटं लागती," ती म्हणाली.

घरात फरक पडायला लागला. तेल चमच्यानं मोजून. शेंगाचटणीत मीठ निम्मं. मी ताट सरकवून म्हणालो, ह्याच्यापेक्षा लाकडाचा भुसा बरा. तिनं ताट परत माझ्यापुढं सरकवलं आणि स्वतः तीच चटणी माझ्यासमोर बसून खाल्ली. आठ दिवसांनी मी मुकाट्यानं खायला लागलो.

एक सांगायचं राहिलं. यंत्रमागाच्या खडखडाटात माझे कान निम्मे गेलेत, पण मला ओठ वाचता येतात. मागावरची सगळी माणसं तशीच बोलतात, दहा माग सोडून उभ्या असलेल्या गड्याला आवाज न काढता शिवी देता येते. संध्याकाळी ती घरी फोनवर मागच्या तासाचं शिकवणं परत बघायची. मी कोपऱ्यात चष्मा पुसत बसायचो आणि डॉक्टरणीचे ओठ वाचायचो. मला वाटायचं, हिला कळत नाही. पण ती फोन हळूच माझ्या बाजूला वळवून ठेवायची.

त्याच वर्षी तिला जिना चढताना त्रास व्हायला लागला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर थांबायची, छातीला हात लावायची, म्हणायची, "घाबरतंय." मी म्हणायचो, वय झालं. शेवटी तिनंच फोन लावला. त्या दिवशी डॉक्टर नव्हती, दुसरी एक बाई होती. मनाच्या त्रासावर बोलणारी. बोलणं शहरातलं, शुद्ध मराठी.

काय होतंय, असं तिनं विचारलं.

"घाबरतंय," ही म्हणाली.

आमच्याकडं घाबरतंय म्हणजे जीव घाबरा होतो, कासावीस होतं, दम पुरत नाही. भीतीचा संबंध नाही. वाघासमोर उभा राहिलेला माणूस भ्याला म्हणेल, घाबरतंय म्हणणार नाही. पण त्या बाईला काय माहीत. तिनं आवाज खाली आणला. कशाची भीती वाटते? कधीपासून? घरात कोणी त्रास देतं का? मी समोरच बसलो होतो. हिनं सांगितलं, नवरा हितंच हाय की. तशी ती बाई अजूनच हळू बोलायला लागली. म्हणाली, ते जरा बाहेर जाऊ शकतील का?

माझ्याच घरातनं मला गॅलरीत काढलं. वीस मिनिटं मी उन्हात उभा. खालची शेजारीण विचारती, काय झालं? काय सांगू? मनात म्हणत होतो, ह्या फोनचं काही खरं नाही.

ही बाहेर आली ती पदर तोंडाला लावून हसत. म्हणाली, "तुमी मारता का, दारू पिता का, सगळं विचारलं. म्या म्हनलं, नुसतं बोलनं कडू हाय, बाकी गडी बरा हाय." त्या बाईनं तिला श्वास घ्यायला शिकवलं होतं. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. तिनं ते मन लावून केलं. सकाळ-संध्याकाळ. चार दिवस केलं. जिन्याच्या वळणावर तरी थांबावंच लागायचं.

सोमवारी कारखान्यात तास होता. डॉक्टरणीनं विचारलं, कुणाला काही सांगायचंय का? बाकीच्या बायका लाजतात. ही उठली. म्हणाली, मला श्वास घ्यायचं शिकवलंय, मी रोज करते, पण जिना चढला की घाबरतंयच. हे सगळं मला तिच्या मशीनशेजारच्या बाईनं नंतर सांगितलं. डॉक्टरीण बोलता बोलता थांबली. ती आमच्याच भागातली, अकलूजकडची. तिनं विचारलं, "काकू, बसलं की थांबतं का?"

"बसलं की थांबतंय."

"मग भीती न्हाय ती. तुमचा जीव घाबरा होतोय."

फोनमधली डॉक्टरीण पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलली. तास तिथंच थांबला. तिनं सुपरवायझरला पुढं बोलावलं आणि सांगितलं, ह्यांना आता, जिना न चढवता, दवाखान्यात न्या. दुपारी मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा ही पलंगावर बसून मलाच विचारत होती, डबा खाल्ला का. हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी तिथं स्प्रिंग बसवली. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरनं मला बाहेर घेऊन सांगितलं, अजून आठवडा गेला असता तर हातात काही राहिलं नसतं.

ती घरी आल्यावर एका दुपारी फोन वाजला. तीच बाई, जिनं मला गॅलरीत काढलं होतं. मी फोन घेतला नाही, हिच्याकडं दिला. पण ओठ बघत राहिलो. ती बाई म्हणाली, "काकू, तुमचा शब्द मला कळला नाही. चूक माझी आहे." डोळे भरले होते तिचे. चाळीस वर्षं मी कारखान्यात काढली. मालक बघितले, मॅनेजर बघितले, मुकादम बघितले. चूक माझी आहे, हे वाक्य एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. त्या दिवशी त्या फोनवरचा माझा राग गेला. तोंडानं मात्र कबूल केलं नाही.

हिनं काय करावं? म्हणाली, "अवो बाई, रडू नका. तुमाला शब्द येत न्हाईत, मी शिकवते की."

आणि खरंच शिकवलं. सोमवारच्या तासाला शेवटची पाच मिनिटं हिची झाली. ही खोक्यासमोर उभी राहायची आणि फोनपलीकडच्या डॉक्टर लोकांना शब्द सांगायची. चौथी शिकलेली बाई. अंगावरून जातंय म्हणजे काय. वारं गेलं म्हणजे काय, हातपाय लुळे पडले असं समजायचं, हवा नव्हे. एका नव्या डॉक्टरला एक बाई म्हणाली होती, दोन दिवस कळ काढली. त्यानं लिहून घेतलं, दुखणं गेलं. कळ काढली म्हणजे सोसली, काढून टाकली नव्हे. हिनं ते सांगितलं तेव्हा सगळ्या बायका हसल्या आणि तो डॉक्टरही हसला. कारखान्यात तेलुगू बोलणाऱ्या बायका होत्या, अक्कलकोटकडच्या कानडी होत्या. त्यांचे शब्द ही डब्याच्या सुट्टीत विचारून ठेवायची. लिहायला वेळ लागायचा म्हणून पाठ करायची, घरी येऊन मला म्हणून दाखवायची. मी म्हणायचो, मास्तरीण झालीस. ती म्हणायची, तुमच्यासारखा ढ विद्यार्थी सोडून सगळे हुशार हायेत.

त्यांनी तिच्या शब्दांचा एक कागद छापला. तो भिंतीवर लागला आणि म्हणे दुसऱ्या गावच्या कारखान्यांतही गेला. सगळ्यात वर लिहिलं होतं, घाबरतंय म्हणजे भीती नव्हे. तिचं नाव नव्हतं त्यावर. मी भांडायला निघालो होतो, तिनं अडवलं. म्हणाली, शब्द काय माझ्या बापाचे हायेत?

तिचा एक हट्ट मात्र मी पुरा केला नाही. फोनवरच्या डॉक्टरची ती सोय घरातल्या माणसांनाही होती. माझ्या छातीत मागावरची तूस, सुताची बारीक धूळ, साठलेली, खोकला जुना. वर्षभरापासून चालताना छाती आवळल्यासारखी व्हायची. तिला ते दिसत होतं. दर सोमवारी सकाळी नऊला नर्सचा फोन यायचा, स्प्रिंग बसवल्यापासून एकही सोमवार चुकला नाही. गोळ्या घेतल्या का, पायावर सूज आहे का, झोप लागली का. बोलणं संपत आलं की ही माझ्याकडं बघायची. "तुमचं बी सांगू का?"

"मला काय झालंय," म्हणून मी पिशवी घेऊन दुधाला निघायचो. दूध सहालाच आलेलं असायचं. नऊ वाजता मी उगाच कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचो आणि येताना जिन्याच्या वळणावर थांबायचो. ती वर दारात उभी असायची. दुसऱ्याचे शब्द गोळा करणाऱ्या बाईच्या घरातलाच माणूस तोंड उघडत नव्हता. तिला ते लागत होतं. मला कळत होतं. तरी मी बोललो नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी घरात माणसं बसली होती. मुलगी आणि जावई कुर्डुवाडीहून आले होते, भावकी होती. चूल पेटली नव्हती, शेजारणीनं चहा आणला होता. मला आदल्या दुपारपासून छातीवर पाट्याएवढं वजन ठेवल्यासारखं होत होतं आणि डाव्या हाताला मुंग्या. कुणाला सांगितलं नाही. बायको गेल्यावर छाती जड होणारच, असं सगळे म्हणाले असते. मीही तेच म्हणत होतो.

नऊ वाजता फोन वाजला. मुलगी बंद करायला गेली. मी म्हणालो, दे इकडं.

नर्स दिसली. हसरी पोरगी, मी आजवर तिचं तोंड फक्त बाजूनं बघितलेलं. तिनं विचारलं, काका तुम्ही? काकू कुठे आहेत?

"ती गेली," मी म्हणालो.

"आज लवकर गेल्या? शिफ्ट बदलली का?"

तिची चूक नव्हती. शब्दच तसा. घरातली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "वारली. काल दुपारी. झोपेत."

मग तिचे ओठ हलले, माझ्याकडून काही राहिलं का काका, असं ती विचारत होती. मी म्हणालो, "न्हाय पोरी. तीन वर्षं दिली तुमी. म्या तेबी देऊ शकलो नसतो." एवढं चांगलं मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो.

तिनं डोळे पुसले. मग तिनं विचारलं, तुम्हाला काही होतंय का? भावकीतला एक म्हातारा म्हणाला, ठेव आता फोन, सुतक हाय. मी ठेवला नाही. सांगितलं. छातीवर वजन, हाताला मुंग्या, वर्षभर चालताना आवळतंय. सगळं एका दमात. मुलगी माझ्याकडं बघतच राहिली. नर्सनं घाम येतो का विचारलं. मी कपाळाला हात लावला, हात ओला. तिनं एक मिनिट थांबायला सांगितलं आणि डॉक्टरणीला बोलावलं. डॉक्टरणीनं मला एवढंच सांगितलं की उठू नका, जिना उतरू नका, गाडी येते, माणसं खुर्चीवरून खाली नेतील. जावयानं पत्ता सांगितला.

म्हातारा पुन्हा म्हणाला, आज घराबाहेर पडू नये. मी त्याला म्हणालो, "मला सुतक हाय, माझ्या छातीला न्हाय."

गाडी आली. दोघांनी मला खुर्चीवर बसवून उचललं. वळणावर त्यांनी खुर्ची जरा तिरकी केली, तेवढ्यात मी मुलीला सांगितलं, माझा सदरा आतून मळलाय, दुसरा घे, दवाखान्यात काढायला सांगतात. ती धुतलेला सदरा घेऊन पायऱ्या उतरत माझ्या मागून आली.