आधी तोंड, मग हात

पुंजाअण्णा माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या खाकी शर्टावर रक्त होतं, आणि ते त्यांचं नव्हतं. पंचवटीत रिक्षा स्टँडला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पाच गिऱ्हाइकं आली की सहावं गटारावर उभं राहतं, एवढंसं. अण्णांनी काउंटरवर फोन आपटला आणि म्हणाले, "ह्यात कोण बोललं, त्याचं नाव काढून दे."

फोनमध्ये रिक्षावाल्यांचा ग्रुप होता. त्या दिवशी सकाळी त्यावर मेसेज आला होता, की पांढऱ्या गाडीवाल्याने शाळेतल्या मुलीला गाडीत ओढलं, दिसला की फोडा. झालं! गंगापूर रोडला एक पांढरी गाडी दिसली आणि पंधरा-वीस रिक्षा आडव्या पडल्या. पहिला ठोसा अण्णांचा. गाडीवाल्याचे दोन दात रस्त्यावर पडले. तो बिचारा आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून तिला घरी नेत होता. मी मेसेज उघडून पाहिला आणि सांगितलं, "अण्णा, हा पुढे ढकललेला आहे. कुठून निघाला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही."

"म्हंजे मी ज्याच्या सांगण्यावरनं दात पाडले, तो माणूसच नाय?"

"नाही."

अण्णा स्टुलावर बसले. स्वतःच्या मुठीकडे बघत राहिले. "त्याच्या आईनं माझे पाय धरले रे," ते म्हणाले. "डोळ्यावर पट्टी. कोण मारतंय ते दिसंना, म्हणून जो हाताला लागला त्याचे पाय धरले." मी चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

हा माणूस साधुसंत होता असं समजू नका. पुंजाराम मूळचे कळवणकडचे, जन्म गेला नाशिकच्या रस्त्यावर, आणि हात असा सैल की विचारू नका. लग्नात आहेर करावा तितक्या मोकळेपणाने ते कानाखाली द्यायचे. पॅसेंजर पळवला, कानाखाली. दारू पिऊन रिक्षा काढली, दोन कानाखाली. स्टँडवरच्या निम्म्या गालांना त्यांच्या पंजाची ओळख होती आणि तरी पोरं अण्णा अण्णा करत मागे फिरायची. कारण पोरीच्या लग्नात आचारी पळाला तर पहाटेपर्यंत पुऱ्या लाटायलाही हेच बसायचे.

त्या ग्रुपचा अॅडमिन एका पुढाऱ्याचा पोरगा होता. साहेबांच्या वाढदिवसाचे फलक चिकटवणं हेच त्याचं कर्तृत्व. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला चहाला म्हणून टपरीमागे घेऊन गेले. दोघं परत आले तेव्हा त्याचा गाल लाल होता आणि अॅडमिन अण्णा होते. मला म्हणाले, "दिल्या, मला टाइप करता येत नाय. मी बोलतो, तू दाब."

मग अण्णांचं राज्य सुरू झालं. पहिला हुकूम, ढकललेलं काही चालणार नाही. "दुसऱ्याचं तोंड माझ्या दारात आणू नका. स्वतःच्या तोंडानं बोला." ग्रुपवर फक्त व्हॉइस मेसेज, आणि तोही नाव आणि जागा सांगून. कुणी रागाच्या भरात नुसताच ओरडला की अण्णांचं ठरलेलं उत्तर यायचं, "नाव सांग, जागा सांग, मग रड." थाप मारणाऱ्याला आठवडाभर गप्प बसायची शिक्षा. ऐकायचं, बोलायचं नाही. आमच्या रिक्षावाल्यांना उपाशी ठेवलेलं चालेल, पण गप्प बसवलेलं? एक जण तर तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्याच पाया पडला.

पण खरा नियम हाकेचा होता. रिक्षावाल्याला कुणी मारलं की तो ग्रुपवर हाक मारणार आणि दहा मिनिटांत पन्नास जण गोळा होणार, हे पूर्वीपासून चालत आलेलं. अण्णांनी त्याला दावं बांधलं. जमलेल्या प्रत्येकाने दोन्ही हात पाठीमागे धरायचे. ज्याने हाक मारली त्याने पुढे व्हायचं आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर सांगायचं, काय झालं आणि आधी कोणी काय केलं. मग समोरच्याने बोलायचं. तोवर एक हात पुढे आला तर गाठ अण्णांशी. "आधी तोंड, मग हात," ते म्हणायचे. "अन् तोंडानं नीट बोललं ना, तर हाताला काम उरत नाय."

एकदा गंगापूर रोडवर आमच्या संतोषला एका मोठ्या गाडीवाल्या साहेबांनी मुस्कटात मारली. संतोषने हाक मारली. मीही दुकान पोरावर टाकून गेलो, तमाशा कोणाला आवडत नाही? पन्नासेक माणसं गाडीभोवती हात मागे बांधून उभी. कुणी शिवी देईना, कुणी काच फोडेना. त्या साहेबांना दरदरून घाम फुटला. मला वाटतं, दगड मारले असते तर ते कमी घाबरले असते.

"बोल," अण्णा म्हणाले.

"साहेबांनी मला मारलं," संतोष म्हणाला.

"त्याच्या आधी?"

संतोष चुळबुळला. "त्याच्या आधी मी... त्यांचा आरसा तोडला."

"मग हाक मारताना आरसा कुठं गिळला व्हता रे?" असं म्हणून अण्णांनी तिथेच त्याच्या कानाखाली अशी ओढली की साहेबच मध्ये पडले. "अहो जाऊ द्या, माझंही चुकलं." शेवटी साहेबांच्या बायकोने संतोषला पाण्याची बाटली दिली आणि मंडळी पांगली.

परत येताना मी अण्णांना चिडूनच म्हणालो, "तुम्ही नियम करता आणि तुम्हीच हात उचलता, हे कुठलं शहाणपण?"

ते हसले. "अरे येड्या, बैल गरीब हाय म्हणून त्याला दावं बांधतात का? मारका हाय म्हणून बांधतात. मी सुधारलो नाय. मी बांधून घेतलंय."

पण दावं बाकीच्यांच्या गळ्यात होतं. त्यांचं स्वतःचं मोकळंच राहिलं होतं, आणि तेच नडलं.

त्या दिवशी सकाळी अण्णा दम्याने घायकुतीला आलेल्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यात नेत होते. भाजी मार्केटच्या गल्लीत एक टेम्पो आडवा लागलेला. टेम्पोवाला सोमा, पेठकडचा डोंगरातला, पंचविशीचा गडी, टोमॅटोचे कॅरेट उतरवत होता. अण्णांनी हॉर्न मारला, ओरडले. सोमा म्हणाला, "दोन मिन्टं थांब की म्हाताऱ्या." अण्णा उतरले आणि त्याच्या थोबाडीत दोन दिल्या. सोमाने टेम्पोतला जॅकचा दांडा उचलला आणि अण्णांच्या डोक्यात घातला. अण्णा नारळ पडावा तसे खाली गेले.

हे सगळं संतोषने मागच्या रिक्षातून पाहिलं. त्याची हाक ग्रुपवर आली, "अण्णाला मारलं रे! धावा!" नाव नाही, जागा नाही. पण मागे मार्केटचा गलका ऐकू येत होता. माझं दुकान जवळच, मी धावतच सुटलो. मी पोचलो तेव्हा अण्णांना आणि त्या म्हाताऱ्याला दुसऱ्या रिक्षातून दवाखान्यात हलवलं होतं. सोमाला कॅरेटच्या थप्पीला रेटून धरलं होतं आणि गल्लीच्या दोन्ही तोंडांनी रिक्षावाल्यांचे खाकी शर्ट आत घुसत होते.

मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "हात मागे! आधी तोंड!" आणि खरं सांगतो, हात मागे गेले. सवयच लागलेली. पाऊणशे माणसं जागच्या जागी उभी राहिली. संतोष पुढे आला. रडत होता, पण खोटं बोलला नाही. म्हणाला, "आधी अण्णांनी मारली. दोन मारल्या. मग यानं दांडा घातला."

क्षणभर मला वाटलं, वाचला पोरगा.

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मग काय झालं? अण्णा हाय तो!"

आणि हात सुटले. मी आयुष्यात मारामाऱ्या पुष्कळ पाहिल्यात. त्यात दोन्हीकडून मारतात. हे ते नव्हतं. सोमा पहिल्या धक्क्यालाच खाली पडला आणि नुसत्या लाथा दिसायला लागल्या. कॅरेट कोसळले, टोमॅटो आणि रक्त एकात एक झालं. कुणी रिक्षाला कुलूप लावायची साखळी काढली होती, कुणी टेम्पोतली फळी. ज्यांच्या पोरांचे फोन मी फुकट दुरुस्त केले होते, ती माणसं दात आवळून वाकून वाकून मारत होती. मी त्याच्या अंगावर आडवा पडलो. माझ्या दोन बरगड्या मोडल्या, आणि त्या मोडणाऱ्याने वर मला आईवरून शिवी दिली. पोलीस आले तेव्हा सोमा जिवंत होता. डावा डोळा मात्र गेला तो गेलाच.

अण्णांना तिसऱ्या दिवशी नीट शुद्ध आली. डोक्याला टाके, डावा हात उचलेना. काकू, म्हणजे त्यांची बायको, उशाशी बसल्या होत्या. अण्णांनी पहिलं विचारलं, "त्या टेम्पोवाल्याचं काय केलं?" मी सांगितलं.

"संत्या खरं बोलला व्हता ना?"

"बोलला."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं, अण्णा."

"तरी मारलं?"

"मारलं," मी म्हणालो. अण्णांनी डोळे मिटले. "मग नियम नव्हताच रे तो, दिल्या. माझी दहशत व्हती. मी आडवा झालो, संपली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि काकू पदराने पुसत होत्या.

पोलीस जबाब घ्यायला आले. पोरांनी बाहेरून निरोप धाडला होता, की अण्णा, सांगा त्याने उगीच मारलं. अण्णांनी जबाब दिला, "पहिला हात माझा." मग मला फोन धरायला लावला आणि ग्रुपवर बोलले. "पुंजाराम बोलतो. दवाखान्यातून. मी आधी मारलं ते पोलिसांना सांगितलंय. आता ज्यानं ज्यानं त्याला मारलं, त्यानं आपल्या तोंडानं सांगा." सगळ्यांनी ते ऐकलं, फोनवर दिसत होतं तसं. संध्याकाळपर्यंत एकही माणूस बोलला नाही. बोलण्यावाचून ज्यांचा जीव जायचा ना, ते! अण्णा म्हणाले, "मला ह्या ग्रुपमधनं काढ." मी काढलं.

त्यानंतर संतोष बोलला. "संतोष. मार्केटमधून. मी लाथा मारल्या." थोड्या वेळाने दुसरा. "मी फळी मारली." मग एकामागून एक येत गेले. कुणी घोगऱ्या आवाजात, कुणी मध्येच थांबून. मी रडत रडत ऐकत होतो. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी हात आडवा केला. "मला कशाला ऐकवतो? मी का मार खाल्लाय त्यांचा? त्याला ऐकव. अन् पोरांना सांग, हेच ठाण्यात जाऊन बोला." पुष्कळसे गेलेही. त्यांच्या कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत.

सोमा त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर होता. त्याची बायको मला बघूनच दचकली, माझा शर्ट खाकी नव्हता तरी. मी आधी तिला विचारलं, मग त्याच्या कानाशी फोन धरला. त्याने सगळे आवाज ऐकले, एकही न चुकवता. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. तो म्हणाला, "ज्यानं डोळ्यात घातलं, तो बोलत बोलत मारत व्हता. 'अण्णा हाय तो, अण्णा हाय तो' करत. त्याचा आवाज यात नाय."

मी वर येऊन अण्णांना हे सांगितलं. ते भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "मला परत आत घे. अॅडमिन नको. नुसता घे."

बरे झाल्यावर अण्णांना रिक्षा चालवता येईना. ते स्टँडवर बाकावर येऊन बसायचे. त्यांनी पुन्हा कधी कुणावर हात उचलला नाही. उजवा चांगला चालत होता, तरी नाही. ग्रुपवर कुणी लग्नाचं बोलायचं, कुणी गॅसच्या रांगेचं, आणि मध्येच अण्णांचा आवाज यायचा. "पुंजाराम बोलतो. पंचवटी स्टँड. एक जण राहिलाय." बस, एवढंच. मी एकदा वैतागून म्हणालो, "अहो किती दिवस हे? नाही बोलणार तो." अण्णा म्हणाले, "माझ्या नावानं डोळा फोडलाय त्यानं. माझं नाव अडकून पडलंय तिथं. मला ते सोडवून न्यायचंय."

या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. ग्रुपवर मीच सांगितलं, नाव आणि जागा सांगून. सगळे आले. स्टँड ते अमरधाम स्मशान एकही रिक्षा धंद्यावर नव्हती. सोमाही काळा चष्मा लावून बायकोसोबत आला होता, रस्त्याच्या कडेला उभा होता. तिरडी त्याच्यासमोरून गेली. खांदा द्यायला नुसती झुंबड उडाली होती. राहिलेला तो एक कोण, म्हणून मी एकेकाचं तोंड बघत चाललो होतो. दर दहा पावलांवर खांदे बदलत होते, सगळ्यांचे डोळे सारखेच लाल होते, आणि खांदा दिल्याशिवाय मागे राहिला असा एकही रिक्षावाला मला दिसला नाही.