काटे काढायचं भिंग

साठ सालानंतरची गोष्ट. मी सांगलीत मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. मामांनी मला एक जुना जर्मन कॅमेरा दिला होता. त्याच्या खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसायचा. लेन्स फिरवत त्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या, म्हणजे अंतर जुळलं. हे मी फक्त ऐकलेलं, कारण कॅमेऱ्याला लेन्सच नव्हती. पुढे नुसतं आटे पाडलेलं भोक.

शाळेतल्या एक बाई साताऱ्याकडच्या. ते भोक बघून त्या म्हणाल्या, "आमच्या चुलत्यांकडं असलं आट्याचं भिंग हाय. लढाईवरनं आणलेलं. चुलती त्यानं पायातलं काटं काढती."

रविवारी आम्ही दोघी एस.टी.नं त्यांच्या गावी गेलो.

चुलते पेन्शनीत आलेले फौजी. भिंग चुलतीच्या चंचीतून निघालं, सुपारीच्या चुऱ्यासकट.

"कुठलं हो हे?" मी विचारलं.

"इटलीतलं. एका म्हाताऱ्याला मी कांबळं दिलं, त्यानं हे हातात ठिवलं. कशाचं हाय ते त्याला सांगता यीना, मला इचारता यीना."

चुलतीनं कडेची बारकी खुंटी सरकवली. आतल्या काळ्या पाकळ्या मिटत आल्या. "डोळा झाकतंय बघा," ती म्हणाली. मी भिंगाची पुढची नळी धरून ओढली, जराशी पिळली. ती पुढे येऊन तिथंच अडकली. दोघं बघतच राहिले.

"वीस वर्सं घरात हाय," चुलते म्हणाले. "लांब हुतंय हे ठावं नव्हतं."

लेन्स कॅमेऱ्यावर फिरवली, आटे अलगद धरले. कॅमेरा त्यांच्या हाती दिला. त्यांनी बायकोवर रोखला.

"दोन दिसत्यात."

"आता लेन्सचं ते कडं फिरवा."

"झाली एक." पुन्हा दोन केल्या, पुन्हा एक. बराच वेळ कॅमेरा काही सोडेनात.

विकत द्याल का, म्हटल्यावर ते म्हणाले, "तिला इचारा."

"काटा निघंल असं दुसरं भिंग आणा," चुलती म्हणाली, "मग न्या."

सांगलीहून मी दांडीचं भिंग पाठवलं. ते परत आलं. त्यात कडेला बोट वाकडं दिसतं, असा निरोप होता. तिचं खरं होतं. मी स्वतः पाहून खात्री केली. मग घड्याळवाले डोळ्यात अडकवतात तसलं भिंग घेऊन मीच गेले. तिनं ते लावलं, सुई घेतली आणि नवऱ्याची टाच मांडीवर ओढली.

"दोनी हात मोकळं ऱ्हात्यात," ती म्हणाली, आणि लेन्स माझ्याकडे सरकवली.

तिथंच पहिला फोटो काढला. धुऊन आला तेव्हा तिचा चेहरा लख्ख आणि मागचं अंगण दुधाळ. पदरानं पुसून पुसून काचेवर बारीक चरे पडले होते, त्याची ती करामत. मला तो दुधाळपणा फार आवडला.

फोटो तिला नेऊन दिला. तिनं उभ्या उभ्याच पाहिला आणि चहाचं आधण तसंच ठेवून शेजारणीला दाखवायला निघून गेली.