लाल ढाल

नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा शहरात सगळ्यात आधी वाढले ते गाड्यांवरचे लाल दिवे. रस्ते नंतर आले. काल ज्याला गोल बाजारात कोणी ओळखत नव्हतं, तो आज दिवा लावून चौकातला सिग्नल तोडत जाऊ लागला. लाल दिसलं की थांबणारा माणूस बहुधा एकच उरला होता, आणि तो आमच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी राहत होता. माझे वडील रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले होते.

त्यांनी कॉम्प्युटर घेतला तो आईच्या आवाजासाठी. आई वर्धेकडची. भुलाबाईची गाणी तिला तोंडपाठ. नाती ऐकायला बसत, पण बोलत हिंदीत. म्हणून ही गाणी आपल्याबरोबरच जाणार, असं तिने गृहीत धरलं होतं. बाबांनी एक माइक आणला आणि रोज सकाळी चहा झाला की तिला कॉम्प्युटरसमोर बसवायला सुरुवात केली.

मशीन सुरू होऊन थोडा वेळ गेला की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानशी लाल ढाल उमटे आणि तिच्यावर इंग्रजी मजकुराचा फुगा येई. बाबांना इंग्रजी चांगलं येत होतं. साहेबांची पत्रं तेच लिहून देत. पण लाल दिव्याखाली काय लिहिलंय ते वाचत बसायचं नसतं, थांबायचं असतं, हा त्यांचा नोकरीभरचा नियम. ते माइकवर हात ठेवत.

"थांब, लाल झाला."

"अवो, गाणं हाय का मालगाडी हाय?" आई विचारी.

मशीन बंद होई. दुसऱ्या सकाळी नवं गाणं, पुन्हा ढाल येईपर्यंत. त्यामुळे जवळजवळ सगळी गाणी अर्धी भरली गेली. दादीचं गाणं मध्येच का कटतं, असं धाकटी नात हिंदीत विचारी आणि आम्ही सगळे हसत असू. आईसुद्धा.

त्याच वर्षी थंडीत आई गेली. बाबा रोज सकाळी ती अर्धी गाणी लावत आणि ढाल आली की मुकाट्याने बंद करत. मग नातींना त्यांची सीडी करून द्यावी असं त्यांच्या मनात आलं. त्यासाठी सीडी करून देणाऱ्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणून लावला, त्यातून व्हायरस आला, आणि थोड्याच दिवसांत एकही फाइल उघडेना. दुरुस्तीवाल्याने सगळं पुसून मशीन कोरं करून दिलं. गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. शहरात तेव्हा नळाच्या उद्घाटनाचंही चित्रीकरण होई. आमच्याकडे जो आवाज हवा होता, तेवढाच नव्हता.

कोरं मशीन पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. ढाल आली. बाबांचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला आणि फुग्यातला मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवला. व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्राम जुना झाला आहे. इथे दाबा आणि नवा करून घ्या. तेवढं होईपर्यंत मशीन चालू ठेवायचं, इंटरनेट जोडून.

"म्हणजे थांबा नव्हती म्हणत ते?"

"नाही बाबा. चालू ठेवा म्हणत होती."

"मग लाल काहून केली?"

लाल दिव्याचा अर्थ 'मला जाऊ द्या' असा झालेल्या शहरात मी त्यांना काय समजावणार होतो?

बाबांनी फुग्यावर दाबलं. टेलिफोनची लाइन खरखरत जोडली गेली. बऱ्याच वेळाने ढाल आपली आपण निघून गेली. माइक अजून तारेसकट टेबलावरच होता. रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत ते म्हणाले,

"तिले पुरं गाऊ देता आलं असतं."